एका दुखण्याचा सराव दुसऱ्याला पुरतो का? तरवा, मिरची आणि पपईपुरतं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. खाडीलगत दहा गुंठे खारजमीन, त्यात पावसाळी भात. भात निघाल्यावर वरच्या मळ्यात मिरची. परसात पंधरा-वीस पपया. झाडाला एका रोगाची किंवा ताणाची झळ आधी बसली की ते दुसऱ्याला सहज बळी पडत नाही, असं कानावर आलंय. मग तरव्याला, म्हणजे लावणीसाठी वाढवलेल्या भाताच्या रोपांना, थोडं खारं पाणी पाजावं का? भाताचं बी आपण मिठाच्या पाण्यात बुडवतो, तो हाच प्रकार का? आणि सौम्य मोझॅक आलेल्या पपईचा रस बाकीच्या झाडांना चोळून त्यांना ‘टोचून’ घेता येईल का?

उलट्या क्रमाने सांगायचं तर, पपईचं अजिबात करू नका. बियाण्याच्या मिठाचा या विषयाशी संबंध नाही. तरव्याला खारं पाणी पाजण्यामागचं तत्त्व खरं आहे, पण तुमच्या खाचरात त्याची गरज नाही आणि धोका मात्र आहे. ज्या तत्त्वाबद्दल विचारलंय ते खोटं नाही. ते जिथे खरोखर कामाला येतं त्या जागा वेगळ्या आहेत.

मिठाचा गैरसमज आधी काढू, कारण तो सगळीकडे आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ म्हणजे ३ टक्क्यांचं द्रावण. त्यात बी ओतून ढवळायचं आणि हात थांबवायचा. पाणी स्थिरावलं की पळंज (पोकळ दाणे) आणि हलके दाणे वर येतात. बादलीवर वाकून पाहिलं तर तरंगणाऱ्यांतले काही दाणे वरून अगदी भरलेले, पिवळेधमक दिसतात. त्यातला एक नखाने फोडा: आत अर्धाच तांदूळ असतो, कधी त्यावर करडा डागही असतो. हे काढून टाकायचं, तळाचं बी दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुवायचं आणि सावलीत २४ तास वाळवायचं. एवढंच. बी मिठात राहतं पाच-दहा मिनिटं, तेवढ्यात ते काही शिकत नाही. ही चाळण आहे, वजनावर केलेली निवड. रोगट दाणे गेले म्हणून दाढीत (रोपांच्या वाफ्यात) रोग कमी येतो, बी काटक झालं म्हणून नव्हे. (काही ठिकाणी ‘अंडं तरंगेपर्यंत मीठ’ असं माप सांगतात. ताजं अंडं तरंगायला १० टक्क्यांच्या पुढे मीठ लागतं. त्या द्रावणात काही चांगलं बीही वर येतं आणि धुण्यात कसूर झाली तर उगवणीला फटका बसतो.)

आता खरी गोष्ट. झाडात रक्त नाही, फिरत्या पेशी नाहीत, प्रतिद्रव्यं नाहीत. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने गायीच्या देवीची लस देऊन माणसाच्या देवीला अडवलं, ते चित्र डोक्यात ठेवून झाडाकडे पाहिलं की गफलत होते. झाडाची प्रत्येक पेशी आपापली लढते आणि शेजारणींना खबर देते. या खबरीचा पहिला नीट पुरावा १९६१ मध्ये फ्रँक रॉस यांनी दिला. तंबाखूची अशी जात घेतली की जिच्यात टोबॅको मोझॅकचा विषाणू पानभर पसरत नाही, जागच्या जागी ठिपका पाडून अडकतो. खालच्या पानांवर तो विषाणू चोळला. आठवड्याने वरच्या, कधीही हात न लागलेल्या पानांवर चोळला, तर ठिपके कमी पडले आणि पडले तेही लहान. पुढे जोसेफ कुच यांच्या प्रयोगशाळेत काकडीच्या पहिल्या पानावर करप्याची बुरशी लावून पाहिली. त्या रोपांच्या पुढच्या पानांनी करप्यालाच नाही, तर अगदी वेगळ्या बुरशी-जिवाणूंनाही बऱ्यापैकी तोंड दिलं. हे संरक्षण चार ते सहा आठवडे टिकायचं. दुसऱ्यांदा टोचलं तर आणखी लांबायचं. पण काकडी फुलावर आल्यानंतर पहिल्यांदा टोचून काही उपयोग होत नसे.

या दोन प्रयोगांत शेतकऱ्याला लागणारं बरंचसं आहे. पहिलं म्हणजे, ‘सराव’ आणि ‘खरा हल्ला’ यांत पाच-सात दिवसांचं अंतर लागतं. रोग दिसल्यावर फवारलेलं कोणतंही ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ औषध याच कारणाने फुकट जातं. दुसरं, हे कोवळ्या वयात करायचं काम आहे. तिसरं, हे संरक्षण अर्धंमुर्धं असतं. ठिपके कमी होतात, नाहीसे होत नाहीत.

चौथी बाब या प्रयोगांत दिसत नाही, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. झाडाच्या बचावाच्या वाटा (प्रत्येक वाट झाडातल्याच एकेका संदेश देणाऱ्या द्रव्याने चालते) एकमेकींना आडव्या जातात. जिवंत पेशीवर जगणाऱ्या रोगांविरुद्ध सॅलिसिलिक आम्लाची वाट चालते. पेशी मारून खाणाऱ्या बुरशी आणि पान कुरतडणाऱ्या अळ्या यांच्याविरुद्ध जास्मोनिक आम्लाची. पाण्याचा ताण, खारेपणा यांच्याविरुद्ध ॲबसिसिक आम्लाची. एक वाट जोरात चालू झाली की बहुधा दुसरी मंदावते. पांढरी माशी याचाच फायदा घेते: ती सॅलिसिलिकची वाट जागी करते आणि स्वतःला जाचणारी जास्मोनिकची वाट झोपवते. म्हणून ‘एका त्रासाने झाड सगळ्या त्रासांना तयार होतं’ हे वाक्य शेतात घेऊन जाऊ नये. कोणता त्रास आणि कशाविरुद्ध, हे दोन्ही कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

भातावर याचा थेट परिणाम दिसतो. मृगात पेरणी झाली, दाढ उगवली आणि पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली. रोपं सुकायला लागतात, पाणी वाचवायला रंध्रं मिटतात, ॲबसिसिक आम्ल चढतं. मग ढग येतात, झिमझिम लागते, पानं दिवसभर ओली राहतात, आणि त्याच दाढीवर करपा उठतो. लोक म्हणतात पावसामुळे करपा आला. पावसाने बीजाणू रुजवले हे खरं, पण दार आधीच्या कोरड्या दिवसांनी उघडं ठेवलं होतं. इथे एका ताणाने दुसऱ्या संकटाला वाट करून दिली. म्हणून दाढ सुकू देऊन ‘काटक’ करण्याचा सल्ला भाताला लावू नका. ओढ पडली तर झारीने का होईना, पाणी द्या.

आता खाऱ्या पाण्याकडे. भाताचं रोप उगवताना मीठ बऱ्यापैकी सोसतं, दोन-तीन पानांवर असताना फार नाजूक असतं, फुटवे आले की पुन्हा सावरतं आणि पोटरी-फुलोऱ्याला परत नाजूक होतं. जमिनीच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप, मीटरला ३ डेसीसायमनच्या वर गेली की उत्पन्न घसरायला लागतं. त्यापुढच्या प्रत्येक डेसीसायमनला साधारण १२ टक्के घट धरतात. समुद्राचं पाणी ५०च्या आसपास असतं. म्हणजे तरव्याला अडीचचं पाणी पाजायचं तर समुद्राच्या पाण्याच्या एका भागात गोडं पाणी घालून त्याचे वीस भाग करावे लागतील. मे महिन्यात खाडीचं पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारं असतं आणि भरती-ओहोटीप्रमाणे बदलतं, त्यामुळे डोळ्यांनी माप बसत नाही. त्यात दोन दिवस ऊन पडलं की वाफ्यातलं पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं, आणि अडीचचे पाच व्हायला वेळ लागत नाही. तेही रोप सगळ्यात नाजूक असताना.

आणि हे कशासाठी? खारजमिनीत लावणी होते तोवर कोकणातला पाऊस वरचं मीठ धुऊन नेतो. बांध शाबूत ठेवणं, ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या दारातून) पाणी सोडणं, भरतीला बंद करणं, यांनी जे होतं ते सरावाने होत नाही. तरवा गोड्या जमिनीत करा. लावणीला २१ दिवसांचा घेऊ नका, २५ ते ३० दिवसांचा घ्या. एका चुडात एक-दोनऐवजी तीन-चार रोपं ठेवा. खाचरातलं पाणी खिशातल्या ईसी मीटरने (विद्युतवाहकता मोजणाऱ्या उपकरणाने) तपासून ३च्या आत आल्यावर लावा. आणि मुळात बी खाऱ्या जातीचं घ्या: पनवेल १, पनवेल २, पनवेल ३, किंवा जुन्यांतले काळा राता, भुरा राता. रात्याने हा सराव पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे आणि तो बियातच उतरलाय. एका दाढीत सहा दिवसांत केलेला सराव त्याच्यापुढे किरकोळ.

तरीही कुतूहल असेल तर ट्रेमध्ये करून बघण्यासारखं आहे. एकाच बियाचे दोन ट्रे. रोपं बारा दिवसांची झाली की एकाला सहा दिवस लिटरला २ ग्रॅम मिठाचं पाणी, दुसऱ्याला गोडं. मग दोघांनाही दहा दिवस लिटरला ५ ग्रॅमचं. रोज ट्रेखालून पाणी निघून जाऊ द्या, नाहीतर मीठ साठत जातं. शेवटी फक्त ज्यांचं सगळ्यात नवं पान हिरवं आहे ती रोपं मोजा. सरावलेला ट्रे सहसा पुढे असतो, कारण त्या सहा दिवसांत रोपाने सोडियम पेशीतल्या पोकळीत कोंडायची आणि प्रोलिनसारखी द्रव्यं साठवायची तयारी केलेली असते. मात्र सरावलेल्या रोपांची उंची गोड्या पाण्यातल्यांपेक्षा कमी असते. ती या सरावाची किंमत.

बियाला खरोखर ‘शिकवायचं’ असेल तर पालाशाने शिकवा. म्युरेट ऑफ पोटॅशचं १ टक्क्याचं द्रावण, बियाच्या वजनाइतकंच पाणी. दहा गुंठ्यांच्या लावणीला ४ किलो बी धरलं तर ४ लिटर पाणी आणि ४० ग्रॅम पोटॅश, पांढरं आणि पूर्ण विरघळणारं. मिठाच्या पाण्यातून निवडून धुतलेलं बी यात १६ तास भिजवायचं. मग उपसून सावलीत पातळ पसरून मूळ वजनावर येईपर्यंत वाळवायचं. भिजताना दाण्याच्या आत उगवणीची पहिली कामं सुरू होतात: आनुवंशिक द्रव्याची डागडुजी, ताणात लागणारी प्रथिनं, ऑक्सिडीकरण रोखणारी विकरं. वाळवल्यावर ही तयारी तशीच थांबून राहते आणि पेरल्यावर तिथून पुढे चालू होते. रोहिणीत धूळवाफेवर पेरणाऱ्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा, कारण पहिल्या सरीनंतर पाऊस दडी मारतो तेव्हा हे बी तग धरतं.

यात दोन ठिकाणी घोटाळा होतो. भिजवणं १६ तासांवरून २४-३० वर गेलं की कोंब टोक काढतो. असं बी वाळवलं की कोंब मरतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. शाळेच्या वेळेसारखं घड्याळ लावा: संध्याकाळी पाचला भिजवलं तर सकाळी नऊला बाहेर. दुसरं, हे काम मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उरकायचं. आगोट जवळ आली आणि हवेला ओल सुटली की सावलीत बी वाळतच नाही, आंबूस वास येतो, बुरशी धरते. वाळलेलं बी पंधरा दिवसांत पेरा. भिजवून वाळवलेलं बी साध्या बियाइतकं टिकत नाही, ते कणगीत पुढच्या वर्षासाठी ठेवायचं नसतं. आणि खाजणात रहू टाकणार असाल, म्हणजे मोड आणूनच फेकणार असाल, तर हा खटाटोप करू नका. भिजवून पुन्हा वाळवण्यातच याचा अर्थ आहे.

रोगाविरुद्धच्या सरावासाठी भाताला रोग लावायची गरज नाही. मुळाशी राहणारे काही निरुपद्रवी जिवाणू तीच खबर वरपर्यंत पोचवतात. त्यातला सहज मिळणारा स्यूडोमोनास फ्लुरोसन्स. बियाला किलोला १० ग्रॅम, म्हणजे ४ किलोला ४० ग्रॅम, पेरणीच्या आदल्या दिवशी ओलसर बियाला चोळून सावलीत ठेवायचा. लावणीच्या वेळी दहा गुंठ्यांना पाव किलो. खाचराच्या कोपऱ्यात अडीच चौरस मीटरचा तुकडा बांधून घ्या, त्यात इंचभर पाणी, त्यात पावडर कालवा, आणि तरव्याच्या मुठी मुळं बुडतील अशा किमान अर्धा तास उभ्या ठेवा. पेंढ्या उपटून वाहत्या पाटात धुवायची सवय असेल तर आधी धुवा, मग बुडवा. उलट केलं तर पाव किलो पावडर शेजाऱ्याच्या शेतात जाते.

यात बहुतेकांचं चुकतं ते औषधांच्या मेळात. जिवाणू जिवंत आहे. त्याच्यासोबत ताम्रयुक्त औषध किंवा स्ट्रेप्टोमायसिन दिलं तर तो मरतो. असंच दुसरं संवर्धन ट्रायकोडर्मा, ती उपयोगी बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाने मरते. बियाला रासायनिक बुरशीनाशक चोळायचंच असेल तर चोळा, आणि जिवंत संवर्धन मुळं बुडवतानाच द्या. पाकिटावर दोन गोष्टी बघा. एक, जिवाणूंची संख्या: स्यूडोमोनास ग्रॅममध्ये किमान १० कोटी, ट्रायकोडर्मा किमान २० लाख. दुसरी, तारीख. दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेलं पाकीट तारखेत असूनही मेलेलं असू शकतं. खात्रीचं संवर्धन हवं तर ते थंड जागी ठेवणाऱ्याकडूनच घ्या.

भाताच्या तुसाची राख मी याच सदरात धरतो, जरी तिचं काम निम्मं भिंतीचं आणि निम्मं सरावाचं आहे. भाताच्या चारसूत्री लागवड पद्धतीचं पहिलं सूत्र हेच: दाढीच्या वाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो काळी राख वरच्या थरात मिसळायची. आपल्याकडे याला खास कारण आहे. जांभा तयार होतो तोच मुळी लाखो पावसाळ्यांत मातीतली सिलिका धुऊन गेल्याने, आणि भात हे सिलिका खाणारं पीक. ती पानाच्या वरच्या पेशींत बसते, करप्याच्या बुरशीला भोक पाडायला जड जाते आणि खोडकिड्याच्या अळीच्या जबड्यालाही. शिवाय सिलिका मिळालेलं रोप हल्ला झाल्यावर बचाव लवकर उभारतं. राख काळीच हवी. गिरणीच्या भट्टीत फार तापून पांढरी पडलेली राख स्फटिकासारखी होते, तिच्यातली सिलिका सहज विरघळत नाही. आणि राख टाकली त्याच दिवशी युरिया फेकू नका. राखेच्या अल्कपणाने नत्राचा अमोनिया होऊन उडतो, नाकाला झोंबतो तो तुमचाच पैसा. राब भाजण्याची राख आणि ही राख एक नव्हे. राबाची आच वरच्या बोटभर मातीतलं तणाचं बी आणि रोगाचे अंश मारते, राख पालाश देते. ते निर्जंतुकीकरण झालं, सराव नव्हे.

सॅलिसिलिक आम्ल विकत आणून भातावर फवारण्याचा विचार असेल तर सोडून द्या. भाताच्या पानात ते मुळातच भरपूर असतं, वरून दिलेल्याची त्याला फारशी दखल नसते. आणि या सगळ्यावर पाणी फिरवायला हेक्टरी युरियाचा एक जास्तीचा हप्ता पुरतो. लुसलुशीत, गर्द हिरव्या पानावर करपा आणि कडा करपा दोन्ही येतात, सराव असो वा नसो.

मिरचीला मात्र ताणाचा सराव हवा. भात कापणीनंतर लावायच्या मिरचीची रोपं ऑक्टोबरात ट्रेमध्ये करतात. कोकोपीट, जाळी, दोन वेळचं पाणी, अशी लाडात वाढलेली रोपं नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात थेट मळ्यात गेली की चार दिवस मान टाकून बसतात. लावणीआधी सात-आठ दिवस सावलीची जाळी रोज थोडी जास्त वेळ काढा, कीटक अडवणारी जाळी मात्र शेवटपर्यंत ठेवा. पाणी दोनदाचं एकदा करा. दुपारी खालची पानं किंचित मलूल झालेली दिसली की पाणी, त्याआधी नाही. शेवटच्या आठवड्यात नत्र बंद. लावणीच्या आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या. रोपाची मुळं वाढतात, पानाची साय जाड होते. कोरड्या वाऱ्याला, उन्हाला आणि काही अंशी रात्रीच्या गारव्यालाही ते तयार होतं. हे ताणाकडून ताणाकडे जाणारं संरक्षण, आणि वनस्पतींत हाच प्रकार सगळ्यात भरवशाचा. (फळांतही तो दिसतो: आंबा ३८ अंशांला दोन दिवस ठेवून मग शीतगृहात टाकला तर थंडीने साल काळवंडण्याचं प्रमाण कमी होतं. उष्णतेविरुद्ध बनलेली प्रथिनं थंडीतही उपयोगी पडतात.)

अति केलं तर? खोड जांभळट, लाकडी होतं, ट्रेमध्येच कळ्या दिसू लागतात. असं रोप मळ्यात जगतं, पण पंधरा दिवस हलत नाही. पाच दिवसांत खोडाचा हिरवा रंग गढूळ व्हायला लागला की सराव पुरे.

मात्र या सरावाने मर थांबत नाही. जांभ्या, आम्लधर्मी मळ्यात मिरची-वांग्याला येणारी जिवाणूजन्य मर हे आपल्याकडचं मोठं दुखणं. हिरवंगार झाड दुपारी एकाएकी कोसळतं, पानं पिवळीही पडत नाहीत. ओळखायला जमिनीलगतचं खोड बोटभर कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, तुकडा असा धरा की कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल. हात हलवू नका. दोन-पाच मिनिटांत टोकातून दुधाचा बारीक धागा खाली उतरताना दिसला की ही रालस्टोनिया या जिवाणूची मर. धागा नसेल तर बुरशीची मर किंवा मूळकुज शोधा. धागा दिसलेल्या मळ्यात पुढची तीन वर्षं मिरची, वांगी, टोमॅटो नको. भात-कुळीथ-वाल असा फेर ठेवा. स्यूडोमोनासने (लिटरला १० ग्रॅम, मुळं २० मिनिटं) थोडी मदत होते, पण आधीच भरलेल्या मातीत तेवढ्यावर विसंबू नका. चुरडा-मुरड्याचंही (पानं आक्रसून वळण्याच्या रोगाचंही) तेच. तो फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांनी येतो आणि त्याविरुद्ध मिरचीला ‘टोचायला’ कोणताही सौम्य प्रकार उपलब्ध नाही.

आता पपई. तुमची कल्पना वेडगळ नाही, ती जगात करून झालेली आहे. झाडात एखाद्या विषाणूचा सौम्य प्रकार आधी शिरला की त्याच विषाणूचा उग्र प्रकार मागून आला तरी त्याला जागा मिळत नाही. तंबाखूत हे १९२९ मध्ये मॅककिनी यांनी नोंदवलं. ब्राझीलमध्ये संत्र्याच्या ट्रिस्टेझा या विषाणूरोगाविरुद्ध सौम्य प्रकार टोचलेल्या कलमांवर मोठमोठ्या बागा उभ्या राहिल्या. पपईच्या रिंगस्पॉटविरुद्ध (तुम्ही मोझॅक म्हणता तो विषाणूरोग) १९८४ मध्ये ये आणि गोन्साल्विस यांनी हवाईतल्या उग्र विषाणूवर नायट्रस आम्लाची प्रक्रिया करून एचए ५-१ हा सौम्य प्रकार मिळवला, आणि तो हवाई व तैवानमध्ये शेतावर वापरलाही गेला.

मग अडलं कुठे? झाड न्‌ झाड हाताने टोचावं लागे. सौम्य प्रकारानेही काही जातींच्या पानाफळांवर डाग पडत. आणि हे संरक्षण चालतं ते झाड विषाणूचा आनुवंशिक मजकूर ओळखून तो कापून टाकतं म्हणून. मजकूर जुळला नाही तर कात्री चालत नाही. हवाईचा सौम्य प्रकार हवाईच्या उग्र प्रकाराला रोखे, तैवानच्या प्रकाराला तितकासा नाही. शेवटी हवाईने १९९८ मध्ये सनअप आणि रेनबो या जनुक बदललेल्या जाती शेतात आणल्या. त्यांच्यामागे हीच युक्ती, फक्त पूर्ण विषाणूऐवजी त्याच्या एका तुकड्याची.

तुमच्या परसात जी पपई ‘सौम्य’ दिसते ती सौम्य विषाणूने सौम्य आहे, हे कशावरून? रिंगस्पॉटची लक्षणं उन्हाळ्याच्या उष्ण दिवसांत दबतात आणि गारव्यात उग्र होतात. मेमधलं हलकं पिवळट पान डिसेंबरात दोरीसारखं अरुंद होतं. देठ तिरप्या उजेडात धरून बघा, तेल सांडल्यासारख्या गडद रेघा दिसतील. हिरव्या फळावर पाण्यात खडा टाकल्यासारखी वर्तुळं दिसली की शंका नको. त्याचा रस चोळणं म्हणजे आपल्या हाताने रोग लावणं. शिवाय हाच विषाणू काकडी, दोडका, पडवळ यांच्यावरही जातो, आणि ते मांडव पपईपासून चार हातांवर असतात. आणखी एक: एका झाडात दोन वेगळे विषाणू शिरले तर ते एकमेकांना अडवतीलच असं नाही. बटाट्यात एक्स आणि वाय हे विषाणू एकटे असताना जेवढं नुकसान करतात, त्यांच्या बेरजेपेक्षा दोघं मिळून जास्त करतात. माणसात डेंगीचंही असंच: एका प्रकाराचा ताप येऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा आला तर तो जास्त गंभीर होण्याचा धोका असतो.

पपईला करण्यासारखं आहे ते साधं. रिंगस्पॉट बियातून येत नाही, म्हणून रोपं जाळीत स्वतः करा. लावणीआधी महिनाभर भोवती मक्याच्या दोन दाट ओळी पेरा. मावा आधी मक्यावर बसतो आणि सोंड पुसून मग आत येतो. हा विषाणू मावा काही सेकंदांच्या टोचणीत पसरवतो, त्यामुळे कीटकनाशकाने मावा मेला तरी तोवर काम झालेलं असतं. लक्षणं दिसलेलं पहिलं झाड त्याच दिवशी काढा. आधी त्यावरचा मावा मारा, मग उपटून पुरा. फळं धरली आहेत म्हणून ठेवलेलं एक झाड बाकीची सगळी घेऊन जातं.

यातलं काही करून बघणार असाल, राख असो, पोटॅश असो वा स्यूडोमोनास, तर सगळं खाचर एकसारखं करू नका. प्रत्येक उपायाचे तीन तुकडे आणि काहीच न केलेले तीन तुकडे, आलटून पालटून, एकाच बांधाच्या एकाच बाजूला नको. लावणीनंतर तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी प्रत्येक तुकड्यातले २५ चूड कडेच्या दोन ओळी सोडून मोजा: करप्याचे ठिपके असलेली पानं किती, वाळलेले पोंगे किती. आकडे काडेपेटीवर न लिहिता वहीत लिहा, सोबत त्या आठवड्यात पाऊस किती दिवस पडला तेही. न केलेल्या तुकड्यांतही करपा आलाच नसेल तर त्या वर्षीच्या आकड्यांवरून उपायाबद्दल काही ठरवू नका, पुढच्या मृगाला तेच तुकडे पुन्हा आखा.